‘जाऊ का’ आणि ‘जाणार आहे’

आमच्या घरात वडीलधाऱ्यांना ‘नाही’ म्हणण्याची पद्धत नव्हती. आजोबांनी काही सांगितले की आई ‘बरं’ म्हणत असे, बाबा ‘बघू’ म्हणत असत, आणि मी वयाच्या २३व्या वर्षापर्यंत काहीच म्हणत नसे. ‘बघू’चा अर्थ घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता. मी सहलीला जाऊ का, असे विचारले आणि बाबा ‘बघू’ म्हणाले, की मी त्या दिवशीच मैत्रिणीला सांगून टाकत असे की माझे जमणार नाही.

माझा जन्म बडोद्याचा, बाबांचा बडोद्याचा आणि आजीचाही बडोद्याचाच. कागदोपत्री शहर वडोदरा झाले, तरी दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ते बडोदेच राहिले. गायकवाडांच्या चाकरीसाठी आलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती, कॉलेजात इंग्रजी आणि कारखान्यातल्या अनेक कामगारांशी हिंदी, अशा चार भाषांत मी वाढले, आणि या चारही भाषांत माझी हिंमत सारखी नव्हती, हे लक्षात यायला मला फार वर्षे लागली. गुजरातीत मी खंडेराव मार्केटमध्ये भाव करते, रिक्षावाल्याशी वाद घालते, वर्गात सरांना थांबवून ‘फरी समजावो ने’, म्हणजे ‘पुन्हा समजवा ना’, असे म्हणते. इंग्रजीत मी शंभर मुलांसमोर सेमिनार दिला आहे आणि तेव्हा माझे हात थरथरले नव्हते. तीच मी घराचा जिना चढून आत आले की माझा आवाज निम्म्यावर येत असे.

याचे कारण मी पुष्कळ शोधले. मराठी मला माझ्या बरोबरीच्या कुणाशी बोलायला मिळालीच नव्हती. शाळेत मराठी मैत्रीण नव्हती, गल्लीतली मराठी मुले आपसात गुजरातीतच खेळत. मराठी मी फक्त मोठ्या माणसांशी बोलत आले, म्हणजे खरे तर ऐकत आले. त्यामुळे माझ्या मराठीत ‘हो’, ‘आणते’, ‘येते’, ‘विचारते’ असे शब्द भरपूर होते, पण ‘मला हे पटत नाही’ हे साधे वाक्य मी मराठीत एकदाही उच्चारलेले नव्हते. मुलींमध्ये आत्मविश्वास कमी असतो असे सरसकट बोलले जाते, ते ऐकले की मला हे सांगावेसे वाटते. तो माझ्यात कमी नव्हता. ज्या खोलीत त्याची खरी गरज होती, त्या खोलीची भाषा त्याला येत नव्हती.

या घरात माझ्या आधीही एका मुलीचा प्रश्न निघाला होता, तो आजीच्या आईचा, म्हणजे माझ्या पणजीचा. तिचे वडील राजवाड्याच्या खानगी खात्यात कारकून होते आणि मुलीला शाळेत घालायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती. पण सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीच्या भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला होता, आणि १९०६ साली ती सक्ती साऱ्या बडोदे संस्थानात लागू झाली, मुलांना आणि मुलींनाही. मूल शाळेत पाठवले नाही तर पालकाला दंड होत असे. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा नव्हता. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये तसे विधेयक मांडले, तर तेही पुढे फेटाळले गेले. पणजी शाळेत गेली ती या दंडाच्या धाकाने. आजी सांगते की तिच्या आईला हयातभर याचा अभिमान होता आणि सल पण होता. अभिमान अक्षरांचा, आणि सल याचा की वडिलांनी पाटी घेऊन दिली ती सरकारला घाबरून, तिच्या तोंडाकडे पाहून नव्हे. सक्तीचे वय संपले त्याच वर्षी, तिच्या दहाव्या वर्षी, तिचे नाव शाळेतून काढले गेले.

लहानपणी मी ही गोष्ट महाराजांच्या थोरवीची म्हणून ऐकली होती. आता मला त्यात त्या मुलीचे दहावे वर्ष दिसते. कायद्याने तिला शाळेच्या दारापर्यंत आणले होते, पण घरात ‘मला पुढे शिकायचे आहे’ असे म्हणायला लागणारा आवाज तिला कायदा देऊ शकला नाही.

माझ्या वेळी परिस्थिती कितीतरी बरी होती. मी शिकणार हे गृहीतच होते. प्रश्न फक्त काय शिकणार एवढा होता. घरात शिक्षिकेच्या नोकरीचा विचार होता, कारण दुपारी घरी येता येते आणि सासरीही चालते. मी इलेक्ट्रिकलला जाण्यासाठी काही लढले नाही. गुण चांगले पडले, प्रवेश मिळाला आणि कॉलेज कलाभवनात, म्हणजे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, म्हणून परवानगी मिळाली. १८९० साली सुरू झालेल्या त्या संस्थेत शिकायला मिळाले ते तिच्या पत्त्यामुळे, हे मी कृतज्ञतेनेच लिहिते आहे.

परीक्षेच्या दिवसांत मी प्रतापगंजातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसत असे. त्याचे नाव श्रीमती हंसा मेहता ग्रंथालय. चार वर्षे मी त्या नावाखालून आत गेले आणि बाहेर आले, आणि कोण होत्या या बाई, असा प्रश्न मला पडला नाही. शेवटच्या वर्षी एका दुपारी वाचता वाचता कळले. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची ही मुलगी, जन्म १८९७ चा. १९२४ साली तिने जातीबाहेर, डॉ. जीवराज मेहतांशी लग्न केले, तेव्हा तिच्या नागर ब्राह्मण समाजातून मोठा विरोध झाला. घटना समितीत ती होती. १९४९ साली आमच्या विद्यापीठाची ती पहिली कुलगुरू झाली. आणि त्याच्या आदल्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ असे शब्द होते ते बदलून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करून घेण्यात तिचा मोठा वाटा होता. ‘मेन’ म्हटले की त्यात स्त्रिया आल्याच, असे तेव्हा अनेकांना वाटत होते. तिला तसे वाटत नव्हते, आणि तिने ते बोलून दाखवले. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला तो तिच्या शब्दांसह.

त्या दुपारी मी फार वेळ पुस्तक मिटून बसले होते. भारावून जाण्यापेक्षा मला आश्चर्य अधिक वाटले होते. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात एका शब्दासाठी अडून बसायचे, ते योग्य आहे असे मनाशी ठाम असायचे, हे माझ्या कल्पनेपलीकडचे होते. मी तर घरी रविवारी कुठे जायचे हेसुद्धा प्रश्नचिन्ह लावल्याशिवाय सांगत नव्हते.

नोकरी लागली ती शहराबाहेर, वाघोडियाच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात. आमच्या भागात असे कारखाने पुष्कळ आहेत. मुलींना बहुधा डिझाइन किंवा परचेसमध्ये घेतात. मला टेस्टिंगमध्ये घेतले आणि त्या खात्यात मी एकटीच मुलगी होते. काम मला पहिल्या आठवड्यापासून आवडले. रेशो, रेझिस्टन्स म्हणजे विद्युतरोध, मेगरने करायची इन्सुलेशनची तपासणी, तेलाची तपासणी, या सगळ्यांत एक न्याय असतो. मोजणारा कोण आहे हे काटा पाहत नाही.

अडचण होती ती हीट रनची. ही चाचणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ट्रान्सफॉर्मर चालताना त्याच्या आत जेवढी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तेवढी त्याला मुद्दाम दिली जाते आणि तेल किती तापते ते पाहिले जाते. टाकीत वरच्या बाजूला असलेल्या तेलाचे तापमान चढत चढत कुठेतरी ठरते. ते ठरले असे केव्हा म्हणायचे, तर वाढीचा वेग तासाला १ अंशाच्या खाली आला आणि सलग ३ तास खालीच राहिला, तर. त्यानंतर तासभर रेटेड करंटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या पूर्ण प्रवाहावर, ठेवायचे, मग पुरवठा तोडायचा आणि वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांचा, रेझिस्टन्स ताबडतोब मोजायला घ्यायचा, कारण तांबे भराभर निवत जाते आणि उशिराचे रीडिंग कमी दाखवते. मोठ्या युनिटला हे सगळे होईपर्यंत दुपारची संध्याकाळ आणि संध्याकाळची पहाट होते. मध्येच घरी जाऊन चालत नाही.

पहिल्या हीट रनची यादी लागली तेव्हा त्यात माझे नाव होते. मी घरी विचारले, “बाबा, मंगळवारी रात्री कारखान्यात थांबावं लागेल, थांबू का?” बाबा म्हणाले, “बघू.” वर असेही म्हणाले की बायकांनी कारखान्यात रात्री काम करायचे नाही असे कायद्यातच आहे. ते सरकारी कचेरीत लेखा विभागात होते आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत काम करू देण्याचे कलम होते. पुढे न्यायालयांचे निकाल आणि सरकारांचे नियम यांतून, स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था या अटींवर, ते सैल होत आले. कारखान्याने संमतीपत्रावर माझी सही घेतलीही होती. पण ‘बघू’नंतर मी काही बोलले नाही. मंगळवारी सकाळी खात्यात फोन केला आणि ताप आला आहे असे खोटे सांगितले.

गुरुवारी मी तो अहवाल पाहिला. तक्त्यातली सगळी रीडिंग दुसऱ्याच्या अक्षरात होती. माझ्या नावासमोरचा रकाना रिकामा होता. कुणी मला एक शब्दही बोलले नाही, उलट ‘आता बरं आहे ना’ म्हणून विचारपूस केली, आणि त्या विचारपुशीने मला जितके लागले तितके रागावण्याने लागले नसते.

त्यानंतर नवरात्र आले. बडोद्याचे नवरात्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. नऊ रात्री हजारो मुली चणियाचोळी घालून मैदानात उतरतात, गरबा संपल्यावर घोळक्याने सेव-उसळ खायला जातात आणि रात्री एक-दीडला दुचाकीवरून घरी येतात. मीही आले. दार बाबांनीच उघडले आणि ‘दमलीस ना’ असे विचारून ते झोपायला गेले. दसऱ्याच्या दिवशी मी आजीजवळ विषय काढला. जी मुलगी नऊ दिवस रात्री दीडला घरी आलेली चालते, ती एक रात्र कामासाठी बाहेर राहिलेली का चालत नाही? बाबांना विचारले असते तर ते ‘ते वेगळं’ म्हणाले असते. आजीने जरा विचार केला. मेथी निवडत निवडत म्हणाली, “नवरात्रात सगळं गाव जागं असतं गं. तुझ्या बापाला रात्रीची भीती नाही, तू एकटी जागी असशील त्याची आहे.”

मला हे उत्तर आजही महत्त्वाचे वाटते. माझ्या वयाच्या अनेक मुलींशी मी बोलते, तेव्हा आईवडिलांच्या प्रत्येक नकाराला जुनाट विचार म्हणून मोकळे होण्याची घाई दिसते. काही नकार तसे असतातही. पण काही भीतीचे असतात, आणि भीती वाटणाऱ्या माणसाशी भांडून काही होत नाही. त्याला माहिती द्यावी लागते. बाबांना माझ्या कामाबद्दल काय ठाऊक होते? मी त्यांना कधी काही सांगितलेच नव्हते, कारण ते सांगायला माझ्याकडे मराठी नव्हती.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा यादी लागली. या वेळी मी घरी सांगायचे वाक्य कागदावर लिहून काढले आणि आजीला वाचून दाखवले. “बाबा, मंगळवारी रात्री मला कारखान्यात थांबायला परवानगी द्याल का?” आजीने मान हलवली. “तुला विचारायचंय की सांगायचंय?” मी म्हटले, सांगायचे आहे. “मग ‘थांबू का’ कशाला, ‘थांबणार आहे’ म्हण. आणि शेवटी त्याला विचारायला जागा ठेव, तोही बाप आहे.” आम्ही दोघींनी मिळून ते वाक्य तीनदा बदलले. शेवटी ते असे झाले: “बाबा, मंगळवारी रात्री मी कारखान्यात थांबणार आहे. बुधवारी सकाळी सातला घरी येईन. तुम्हाला जे विचारायचं असेल ते विचारा.” स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून मी ते म्हणत राहिले. एवढ्याशा वाक्याला घरच्या भाषेत उच्चारताना जीभ किती जड होते, हे ज्या मुलींनी अनुभवले आहे त्यांनाच कळेल.

प्रत्यक्षात म्हटले तेव्हा आवाज कापलाच. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि चष्मा काढला. मी वाट पाहिली. त्यांनी ‘बघू’ म्हटले नाही. त्यांनी विचारले, बरोबर कोण असेल, येताना गाडी कुणाची, फोन लागतो का. मग थोडे थांबून विचारले, “रात्रभर करता काय तुम्ही तिथे?” मी त्यांना हीट रन मराठीत समजावून सांगायला लागले आणि शब्द सुचेनात. ‘स्टेबल’ला काय म्हणू? शेवटी म्हटले, “तेल तापायचं थांबेपर्यंत थांबायचं, बाबा. दर तासाला बघायचं. तीन तास एक अंशाच्या आत राहिलं की झालं.” बाबा म्हणाले, “म्हणजे दूध उतू जाईपर्यंत उभं राहण्यासारखं.” मी म्हटले, तसेच, पण हे उतू जात नाही. ते हसले नाहीत, पण चष्मा पुन्हा लावताना म्हणाले, “डबा घेऊन जा, तिथलं खाऊ नकोस.”

ती रात्र मला तासातासाने आठवते. टेस्ट बेडवर गरम तेलाचा वास, पंख्यांचा एकसुरी घों घों आवाज, काचेपलीकडे उभे असलेले ते प्रचंड धूड. ग्राहकाकडचे इन्स्पेक्टर खुर्चीत डुलकी घेत होते. साडेबाराला एक वयस्कर हेल्पर प्रेमाने म्हणाला, “बेन, तमे जाव, अमे जोई लईशुं.” मी म्हटले, “ना काका, हुं अहीं ज छुं.” गुजरातीत ते मला सहज जमले. दोनच्या रीडिंगला वेग १ अंशाच्या खाली आला. तीनला खाली, चारला खाली, पाचलाही खाली. सहाला पुरवठा तोडला आणि पहिले रेझिस्टन्स मी घेतले. तक्त्यात सगळे आकडे माझ्या अक्षरात होते.

त्या रात्रीची दुसरी एक गोष्टही लिहिली पाहिजे. बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली दिवसपाळीच्या ऑफिसात असे आणि ऑफिस सहाला बंद होई. रात्री अकराला मला ती किल्ली मिळवण्यासाठी गेटपर्यंत जाऊन, सिक्युरिटीच्या माणसाला कारण सांगून, दुसऱ्या माणसाला उठवावे लागले. मुलींना ‘आत्मविश्वास ठेवा’ असे सांगणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्या प्रत्येक वक्त्याने आधी किल्ली कुठे आहे ते पाहावे, असे मला मनापासून वाटते. दुसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज दिला. चार आठवड्यांनी किल्ली टेस्टिंगच्या टेबलावर टांगली गेली आणि आता माझ्यानंतर आलेल्या दोघीजणींना ती मागावी लागत नाही.

सगळे असे सरळ झाले, असे मात्र नाही. आईचा मार्ग बाबांपेक्षा अवघड होता आणि आहे. लग्नाचा विषय निघाला, पुण्याचे एक स्थळ आले, पोह्यांच्या बश्या फिरल्या. मुलाच्या आईने विचारले, “रात्री थांबावं लागतं का गं कामाला?” आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचा अर्थ ‘कधीतरीच’ असा होता. मी म्हटले, “हो, वर्षातून पंधरा-वीस वेळा थांबते. मला ते काम आवडतं.” आठवड्याने निरोप आला की पत्रिका जुळत नाही, पत्रिका तर महिन्यापूर्वीच जुळली होती. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “लोक तुला नाही विचारत, मला विचारतात.” तिचे हे वाक्य खोटे नाही. माझ्या प्रत्येक ‘जाणार आहे’चा हिशेब नातेवाइकांत तिला द्यावा लागतो, आणि ज्या घरात ती स्वतः तीस वर्षे ‘बरं’ म्हणत आली त्या घरात माझ्यासाठी उत्तरे शोधायला तिला कुणी शिकवलेले नाही. मी तिच्याजवळ बसून एवढेच म्हटले की पुढच्या वेळी कुणी विचारले तर मला फोन लावून दे, मी सांगेन. तिने अजून एकदाही लावलेला नाही. पण मागच्या महिन्यात, मावशीशी बोलताना, ‘हिचं काम तसंच आहे, मध्येच सोडता येत नाही’ असे म्हणताना मी तिला बाहेरच्या खोलीतून ऐकले.

या पावसाळ्यात एक हीट रन लांबला. पहाटेपासून पाऊस कोसळत होता आणि सहाला संपायचे काम साडेसातपर्यंत गेले. फोन वाजला, बाबांचे नाव दिसले. पूर्वी असा फोन आला असता तर पहिला प्रश्न ‘घरी कधी सोडणार’ असा असता. मी रीडिंगची वही बाजूला ठेवून फोन घेतला.

“चौकात पाणी भरलंय म्हणतात,” बाबा म्हणाले. “तू कुठल्या रस्त्यानं येणार आहेस, वाघोडियाच्या की आजव्याच्या?”

मी म्हटले, “आजव्याकडून येणार आहे, बाबा.”